भिंतीची पाण्यातली बाजू

धरण बघायला गेलेला माणूस भिंतीची कोरडी बाजू तेवढी बघून येतो. जिच्यावर पाण्याचा सगळा भार असतो, ती बाजू जलाशय भरल्यापासून नजरेआड गेलेली असते. तिच्या तपासणीसाठी धरण रिकामं करायचं, तर शेती, वीज आणि नळाच्या पाण्यावरच पाणी सोडावं लागेल.

म्हणून पाणबुडे उतरायचे. पण दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. खोलवर काम थोडा वेळच करता येतं आणि वर यायला मात्र बराच वेळ लागतो. शिवाय एखाद्या दाराला फट असेल, तर तिथली ओढ माणसाला जागीच खिळवून ठेवते. अशी ठिकाणं आता केबलवरच्या रोबोकडे सोपवली जातात.

हे यंत्र दिसायला साधंच. चौकट, तिच्या माथ्यावर तरंगता फोम, चारी दिशांना ढकलणारे पंखे, दिवे, कॅमेरा आणि सोनार. वीज केबलमधून खाली जाते, चित्र त्याच केबलने वर येतं. चालक धरणाच्या माथ्यावर किंवा बोटीत पडद्यासमोर बसतो. पाणी गढूळ असेल तर दिवे वाढवून उपयोग नाही. धुक्यात गाडीचे दिवे प्रखर केल्यासारखं समोर पांढरंच दिसतं. मग दुरून भिंतीचा आकार सोनारने टिपायचा आणि कॅमेरा अगदी भिंतीला भिडवायचा. तड सापडली की तिच्या तोंडाशी थोडा रंग सोडतात. रंग आत ओढला गेला, तर पाणी तिथूनच झिरपतंय. आतल्या गॅलरीत पाझर रोज मोजला जातो खरा, पण पाणी कुठून शिरतं ते त्या आकड्यावरून कळत नाही.

कॅमेरा जवळ नेला की भिंतीचा तुकडाच दिसतो, आणि सगळे तुकडे सारखेच. जीपीएसचा संदेश पाण्यात पोचत नाही. खोली दाबावरून कळते; आडवी जागा मात्र ध्वनिलहरींनी शोधावी लागते. कॅनडातल्या हायड्रो-क्युबेक या वीजकंपनीच्या संशोधन संस्थेने 'मास्की' हा रोबो घडवताना या प्रश्नावरच मेहनत घेतली. रोबो कुठे आहे, ते चालकाला धरणाच्या त्रिमितीय प्रतिकृतीत दिसतं.

आपल्याकडे हा रोबो राज्यांच्या भांडणातही उतरला. १८९५ साली पूर्ण झालेलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीचं. ते आहे केरळमध्ये, चालवतं तमिळनाडू. त्याच्या पाण्यावर तमिळनाडूत शेती पिकते आणि वीजही तयार होते. ते सुरक्षित आहे का, यावरून दोन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नेमलेल्या समितीने ज्या तपासण्या करून घेतल्या, त्यांत भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूचं रोबोने केलेलं चित्रणही होतं. २०१४ साली न्यायालयाने पाणी १४२ फुटांपर्यंत साठवायला परवानगी दिली. वाद संपला नाही, पण पाण्याखालच्या दगडांविषयी बोलायला दोन्ही बाजूंना काही पुरावा तरी मिळाला.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी बंधनकारक केली आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, तेव्हा हे काम आपल्याकडेच सगळ्यांत जास्त. रोबो भाड्यानेही आणता येईल. पण एकदाच्या चित्रणातून तड आहे एवढंच कळतं. ती वाढते आहे का, हे पाच वर्षांनी त्याच जागी परत जाता आलं तरच कळेल. म्हणून कंत्राटात कॅमेऱ्याच्या दर्जाआधी जागेच्या नोंदीची अट हवी.