वादळामुळे होणारे छपराचे नुकसान

वादळी वारा, गारपीट व त्यांसोबत येणारा पाऊस यांमुळे घराच्या छपराची जी मोडतोड होते, तिला छपराचे वादळी नुकसान असे म्हणतात. पत्रे उडणे, कवेलू फुटणे किंवा झाड कोसळून वासे मोडणे हे या नुकसानाचे उघड प्रकार होत. सांधे सैल होणे, खिळ्यांची भोके रुंदावणे, कवेलूंना बारीक तडे जाणे हे प्रकार चटकन दिसत नाहीत, आणि पुढच्या वादळात छप्पर कोसळण्यास बहुधा तेच कारणीभूत ठरतात. या लेखात विदर्भातील, विशेषतः भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द परिसरासारख्या ग्रामीण भागातील घरे डोळ्यांसमोर ठेवून माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

विदर्भात मार्च ते जून या काळात जमीन अतिशय तापते. या तापलेल्या हवेला बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या बाष्पाची जोड मिळाली की दुपारनंतर उंच गडगडाटी ढग तयार होतात. ढगातून वेगाने खाली येणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते व काही मिनिटांचा सोसाट्याचा वारा सुटतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीचा तडाखा बसला होता.

किनाऱ्यावरील चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाची पूर्वसूचना मिळाली होती, तरीही कौलारू व पत्र्याच्या घरांची मोठी हानी झाली. विदर्भातील स्थानिक वादळांबाबत मात्र भारतीय हवामान विभागाचा तात्कालिक इशारा साधारण तीन तास आधीचा असतो. त्यामुळे छपराची तपासणी व बांधबंदिस्ती उन्हाळ्याच्या आरंभीच करणे आवश्यक ठरते.

छप्पर का उडते

वारा छपरावरून जाताना वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. दार किंवा खिडकी उघडी राहिल्यास वारा आत शिरतो आणि आतूनही छपराला वर ढकलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असल्यास हा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो वजनाइतका होतो. वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन मात्र दर चौरस मीटरला चार ते पाच किलोच असते. म्हणजेच पत्र्याचे छप्पर वजनाने नव्हे, तर सांध्यांमुळे जागेवर राहते. कडा, कोपरे व आढे या ठिकाणी ओढ सर्वांत जास्त असल्याने नुकसानाची सुरुवात बहुतेक वेळा तेथूनच होते.

घराच्या भोवतालची जागाही महत्त्वाची असते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणासारख्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठी वाऱ्याला झाडे किंवा घरे यांचा अडथळा राहत नाही. वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानक ८७५ (भाग ३) यात अशा खुल्या भूभागासाठी १० मीटर उंचीपर्यंत १.०५ हा गुणक दिला आहे. दाट वस्तीसाठी तो ०.९१ आहे. दाब वेगाच्या वर्गानुसार बदलत असल्याने एकाच वादळात खुल्या जागेवरील घराला दाट वस्तीतील घरापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक भार सोसावा लागतो. माळरानावर नव्याने वसलेल्या वस्त्यांनाही हाच नियम लागू पडतो.

नुकसान ओळखणे

वादळ पूर्ण थांबल्यावर पाहणी प्रथम जमिनीवरूनच करावी. छपरावर विजेची तार पडली असल्यास घराला, पत्र्याला किंवा ओल्या भिंतीला हात लावू नये व महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे. छतातून पाणी गळत असल्यास, कोरड्या जागेवरून शक्य असेल तरच मेन स्विच बंद करावा.

* कवेलूचे छप्पर : ओळी सरकलेल्या किंवा आढ्यावरची कवेले निखळलेली दिसतात. दिवसा घरात अंधार करून वर पाहिल्यास प्रकाशाचे ठिपके दिसतात व त्यांवरून फट सापडते. गारांमुळे गेलेले बारीक तडे मात्र जवळून पाहिल्याशिवाय कळत नाहीत.
* पत्र्याचे छप्पर : हुकांभोवतीची भोके लांबट होणे, वॉशर गळून पडणे, हूक सरळ होणे, कडेचा पत्रा उचलला जाणे ही लक्षणे होत.
* सिमेंटचा पत्रा : यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात व तडा गेलेला पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो. त्यावर कधीही थेट पाय ठेवू नये. तुकडे पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून गोळा करावेत. कोरडे झाडू नयेत.
* लाकूडकाम व भिंती : वासा भिंतीवर टेकतो तेथे नवी फट, आढे वाकणे, मातीच्या भिंतीचा माथा भिजणे ही धोक्याची चिन्हे आहेत. वाळवी लागलेले लाकूड वरून धडधाकट दिसते. टोकदार हत्याराने टोचल्यास ते पोकळ असल्याचे कळते.

पाणी ठिबकते तेथेच छिद्र असते असे नाही. पाणी वाशावरून खाली ओघळत येते. म्हणून मूळ जागा ठिबकण्याच्या वरच्या बाजूला शोधावी लागते. आढे वाकले असल्यास किंवा भिंत झुकली असल्यास घर रिकामे करणे हाच योग्य उपाय होय.

तात्पुरते उपाय

ताडपत्री केवळ छिद्रावर न टाकता आढ्यावरून पलीकडे नेऊन दोन्ही उतारांवर पसरावी, अन्यथा वरून येणारे पाणी तिच्या खाली शिरते. दोन ताडपत्र्या वापरायच्या असल्यास वरची खालचीवर यावी व दोऱ्या घराच्या भक्कम भागाला बांधाव्यात. पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवण्याची पद्धत रूढ आहे. परंतु पत्रा उचलला गेल्यास हेच दगड घरातील माणसांवर किंवा शेजाऱ्यांच्या अंगणात पडतात. ओल्या छपरावर किंवा वीज कडकडत असताना चढू नये.

पंचनामा व मदत

आवराआवर करण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत. तलाठ्यास (ग्राम महसूल अधिकारी) व ग्रामपंचायतीस त्वरित कळवावे. पंचनाम्यात छप्पर, भिंती व गोठा यांची स्वतंत्र नोंद झाली आहे का, हे पाहावे. पाऊस आत येत असेल तर पंचनाम्याची वाट न पाहता छायाचित्रे काढून छप्पर झाकावे.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांनुसार किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्या घरास ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये, तर सपाट प्रदेशातील पूर्ण नष्ट झालेल्या घरास १,२०,००० रुपये मदत ठरविण्यात आली. घराचा विमा असल्यास विमा कंपनीलाही विनाविलंब कळवावे लागते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात वादळाचा समावेश आहे.

कायमची दुरुस्ती

वाऱ्याची ओढ पत्र्याकडून आडव्या पाइपांकडे, तेथून कैचीकडे, भिंतीकडे व शेवटी पायाकडे जाते. या साखळीतील सर्वांत कमकुवत दुवा प्रथम तुटतो. केवळ नवे पत्रे घट्ट बसविले आणि कैची भिंतीत न जखडता नुसती टेकवून ठेवली, तर पुढील वादळात सांगाड्यासह छप्पर उचलले जाऊ शकते. म्हणून कैची व भिंत यांचा सांधा लोखंडी पट्टीने किंवा काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टने पक्का करावा. कडा व आढ्याजवळ हूक अधिक जवळ बसवावेत. पत्र्यांची उभी जोड किमान दीड नाळीची व आडवी जोड सुमारे १५ सेंटिमीटरची ठेवावी. अगदी सपाट उतारावर ओढ जास्त असते. त्यामुळे पुरेसा उतार द्यावा व वळचण गरजेपेक्षा पुढे काढू नये. कवेलूच्या घराची शाकारणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करण्याची जुनी पद्धत ही वस्तुतः छपराची वार्षिक तपासणीच आहे. पत्र्याच्या घरांची शाकारणी होत नसल्याने त्यांच्या हुकांची व वॉशरची तपासणीही दरवर्षी त्याच सुमारास करणे हिताचे ठरते.