अर्ध्या वॉटचा हिशेब

निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळाले, पुढच्याच जानेवारीत उजाला योजना आली आणि घरोघरचे दिवे बदलले, ही कथा आता सर्वांना पाठ आहे. तिचा नायक एलईडी. पण जेमतेम तीन व्होल्टवर चालणाऱ्या या नायकाला २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर जगवणाऱ्या सर्किटबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. रात्रभर चालणारा अर्ध्या वॉटचा ‘झिरो’ बल्ब हे या सर्किटचे सर्वांत साधे रूप. त्यात ट्रान्सफॉर्मर नाही, आयसी नाही. एक कंडेन्सर, चार डायोड आणि एलईडींची माळ, संपला कारभार. इंजिनिअर मंडळी त्याला नाक मुरडतात, आणि बल्ब गेला की वायरमनही ‘आत काही नसतंच’ म्हणून मोकळा होतो. माझ्या मते हे सर्किट मुळीच टाकाऊ नाही. त्याची हद्द अरुंद आहे, पण त्या हद्दीत त्याला तोड नाही. ते बदनाम झाले ते हद्द ओलांडल्यामुळे आणि त्यातले किरकोळ वाटणारे भाग गाळल्यामुळे.

आधी त्याची बाजू मांडू. पांढऱ्या बारा एलईडी एका माळेत जोडल्या की त्यांना साधारण ३८ व्होल्ट लागतात. उरलेला दाब कुठेतरी जिरवायचा. तो रेझिस्टरमध्ये जिरवला तर अर्ध्या वॉटच्या उजेडासाठी अडीच-तीन वॉटची नुसती उष्णता होते. कंडेन्सरचे तसे नाही. तो दर अर्ध्या आवर्तनात वीज साठवतो आणि परत करतो, जाळत नाही. ५० हर्ट्झला ०.२२ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचा अडथळा सुमारे साडेचौदा किलोओहम भरतो. विजेचा शिखरदाब ३२५ व्होल्ट. त्यातून माळेचे ३८ वजा करा, उरलेल्याला धारकतेने आणि वारंवारतेच्या चौपटीने गुणा. उत्तर येते साडेबारा मिलिअँपिअर, म्हणजे माळेत जवळपास बरोब्बर अर्धा वॉट. जुना तारेचा झिरो बल्ब प्रत्यक्षात १५ वॉटपर्यंत वीज घेई. रोज दहा तास चालवला तर वर्षाला ५५ युनिट. इथे तेच काम दोन-अडीच युनिटांत होते. इतक्या कमी भागांत इतके काम करणारे दुसरे सर्किट सापडणे कठीण.

या विषयात सगळ्यात बोलका कागद एका अमेरिकन कंपनीचा आहे. ॲरिझोनातल्या चँडलरच्या मायक्रोचिप कंपनीने २००४ साली ‘एएन-९५४’ क्रमांकाची एक टिपणी काढली. लेखक रेस्टन कॉन्डिट. ती दिव्यांसाठी नव्हतीच. मायक्रोकंट्रोलरला ट्रान्सफॉर्मरशिवाय, थेट घरगुती विजेवरून दोन-चार व्होल्ट कसे द्यायचे, एवढाच तिचा विषय. रेझिस्टर आणि कंडेन्सर असे दोन्ही मार्ग तीत समोरासमोर ठेवलेले आहेत, फायदे-तोटे मांडलेले आहेत, आणि हे सर्किट लाइनपासून अलग नसल्याचा इशाराही दिलेला आहे. पण रचना पाहा. आधी नुसते सर्किट दाखवले आहे. फ्यूज आणि दाबाची उसळी शोषणारा व्हॅरिस्टर असलेले सुरक्षित रूप वेगळे, त्यानंतर. शिकवायला हा क्रम योग्यच आहे. मात्र नक्कल करणारा पहिल्या आकृतीवर थांबतो. सुरक्षितता ही नंतर चढवायची वस्तू आहे, असा समज अशा मांडणीतून नकळत पसरतो. शिवाय तिथले आकडे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या, आपल्या निम्म्या दाबाच्या विजेवर बेतलेले. इकडे उतरवताना नुसती कंडेन्सरची किंमत बदलून भागत नाही.

गाळले जाणारे भाग मुख्यतः तीन. पहिला, कंडेन्सरला जोडून येणारा चार-पाचशे ओहमचा रेझिस्टर. बटण नेमके शिखरदाबाला दाबले गेले तर त्या क्षणी कंडेन्सर रिकामा असतो, म्हणजे जवळजवळ सरळ तारच. ४७० ओहम असतील तर झटका पाऊण अँपिअरच्या आत राहतो. नसतील तर तो अडवायला काहीच नाही. दुसरा, कंडेन्सरवर आडवा बसणारा एक मेगओहमचा रेझिस्टर. सॉकेटमधून उपसलेल्या नाइट लॅम्पच्या पिनांवर ३२५ व्होल्ट रेंगाळू शकतात. त्याने जीव जात नाही, पण चिमटा बसतो आणि लहान मुलाच्या हातून दिवा पडतो. हा रेझिस्टर सेकंदाभरात तो दाब उतरवतो. तिसरा म्हणजे कंडेन्सरची जात. थेट लाइनवर बसणारा एक्स-टू वर्गाचा कंडेन्सर अडीच हजार व्होल्टच्या झटक्याने तपासलेला असतो. त्याऐवजी ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला साधा कंडेन्सर घातला जातो. ४०० हा आकडा ३२५पेक्षा मोठा, म्हणून कागदावर सगळे ठीक दिसते. पण डीसीचा आकडा एसीला लागू पडत नाही; सतत उलटसुलट होणाऱ्या दाबाखाली त्याची सोसण्याची ताकद बरीच कमी असते.

खरा पेच मात्र आपल्या घरातल्या इन्व्हर्टरचा आहे. लोडशेडिंगच्या काळात घरोघर आलेले स्वस्त इन्व्हर्टर गोलाईदार साइन लाट देत नाहीत, चौकोनी देतात. २३० व्होल्टची शुद्ध चौकोनी लाट धरा. दर अर्ध्या आवर्तनाला दाब एका उडीत अधिक २३०वरून उणे २३०वर जातो, आणि वरच्याच सर्किटमध्ये ४७० ओहमच्या संरक्षक रेझिस्टरवर क्षणभर ३८४ व्होल्ट पडतात. प्रत्येक उडीला त्यात १६ मिलिज्यूल ऊर्जा जिरते. सेकंदाला अशा शंभर उड्या, म्हणजे १.६ वॉट. साइन लाटेवर हाच रेझिस्टर ०.१ वॉट जिरवत होता. गंमत अशी की माळेला मिळणारा प्रवाह मात्र साडेआठ मिलिअँपिअरवर घसरतो, कारण चौकोनी लाटेला ३२५चे शिखर नसते. दिवा मंद आणि रेझिस्टर सोळापट तापलेला. तो पाव वॉटचा असेल तर जळणारच. त्याची किंमत कमी-जास्त करूनही उपाय होत नाही, कारण जिरणारी ऊर्जा कंडेन्सर आणि उडीचा दाब ठरवतात, ओहम नव्हेत. उपाय एकच: रेझिस्टर दोन-तीन वॉटचा, उष्णता सोसणारा, आणि जास्तच तापला तर फ्यूजसारखा तुटणारा घ्यायचा.

आक्षेप येतील. पॉवर फॅक्टर ०.२च्या आसपास, म्हणजे भिकार! खरे आहे. पण सगळा मिळून भार तीन-साडेतीन व्होल्टअँपिअरचा, तोही पुढे धावणाऱ्या प्रवाहाचा. घरातला पंप किंवा फ्रिज मागे रेंगाळणारा प्रवाह घेतो, त्याची थोडी भरपाईच होते. उजेड सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, हाही आक्षेप रास्त आहे. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५च्या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला हा चढउतार आठ टक्क्यांच्या आत असला तर धोका कमी. माळेवर पुरेसा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घातला की ते साधते, आणि झोपेच्या खोलीत या प्रश्नाची धारही बोथट होते. सर्वांत गंभीर आक्षेप शॉकचा. माळेतली प्रत्येक एलईडी लाइनला जोडलेली असते, स्विच न्यूट्रलमध्ये टाकला असेल तर बंद दिव्यातही. याला सर्किटकडे उत्तर नाही. ते न उघडणाऱ्या प्लॅस्टिकच्या कवचाकडे आहे. म्हणून धातूच्या अंगाचा, अंगणातला किंवा पाण्याजवळचा दिवा या पद्धतीने करूच नये.

मग सगळीकडे छोटा स्विच-मोड ड्रायव्हरच का नको? अर्ध्या वॉटसाठी त्यातले जादा भाग हे बिघाडाच्या जादा जागा ठरतात. नऊ वॉटला मात्र पारडे फिरते. चाळीस एलईडींची माळ धरली तरी पावणेदोन मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लागतो, आणि चौकोनी लाटेवर साडेतीन वॉटहून जास्त उष्णता एकट्या रेझिस्टरवर पडते. तिथे प्रवाह मोजून देणारा आयसीच हवा. म्हणून माझ्या लेखी या सर्किटची हद्द एका वॉटपाशी संपते. त्या हद्दीत ते जरूर वापरावे, पण वर सांगितलेल्या तिन्ही भागांसकट, आणि इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर रात्रभर चालवून तपासल्यावरच. ही तपासणी न करता विकलेला अर्ध्या वॉटचा बल्ब स्वस्त म्हणता येत नाही. त्याच्या खर्चाचा एक भाग गिऱ्हाइकाच्या माथी मारलेला असतो.