तक्रार पाळीची, मूळ गळ्यात

दोन महिने पाळी आली नाही, तर 'फार टेन्शन घेतेस' असे घरात म्हटले जाते. पंधरा दिवसांतच पुन्हा आली, तर 'अंगात उष्णता वाढली'. चाळिशी ओलांडलेल्या बाईला 'आता जायची वेळ झाली' असे सांगितले, की विषय संपतो. ही तिन्ही उत्तरे कधी कधी खरीही असतात. पण त्यांच्या भरवशावर महिने, कधी वर्षे निघून जातात आणि ज्या ग्रंथीची तपासणी एका रक्तचाचणीत होऊ शकते, तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही. ती म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागातली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी.

अनियमित कशाला म्हणायचे?

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. प्रौढ स्त्रीमध्ये हे अंतर साधारण 21 ते 35 दिवसांचे असते. त्यामुळे 'दर महिन्याला तारखेच्या दोन दिवस आधी येते' ही तक्रार नव्हे. वयात आल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे होते, तेही बहुधा स्वाभाविक असते. मात्र पाळी सतत 21 दिवसांच्या आत येणे, 35 दिवसांपुढे जाणे, आठ दिवसांहून अधिक काळ अंगावर जाणे, तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे, यांतले काहीही होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

गळ्याचा गर्भाशयाशी संबंध काय?

पाळीची सूत्रे मेंदूतून हलतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी अंडाशयाला संदेश पाठवते आणि दर महिन्याला बीज बाहेर पडते. हीच पियुषिका 'टीएसएच' हे संप्रेरक पाठवून थायरॉइडलाही कामाला लावते. थायरॉइड मंदावली, की मेंदू जोर लावतो. त्या भरात दूध येण्याशी संबंधित प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही वाढू शकते. ते वाढले, की अंडाशयाकडे जाणारे संदेश क्षीण होतात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही.

बीज बाहेर पडले नाही, तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि केव्हातरी अर्धवट, अवेळी, भरपूर रक्तस्राव करत सुटते. थायरॉइड बरीच कमी असेल, तर रक्त गोठण्यासाठी लागणारे काही घटकही कमी पडतात. म्हणून या स्त्रियांना पाळी उशिरा येते आणि आली की थांबत नाही. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे, कोरडी त्वचा, केस गळणे आणि थोडे वजन वाढणे ही लक्षणे दिसतात. थायरॉइड अति काम करत असेल, तर बहुधा उलटे घडते. पाळी कमी जाते किंवा चुकते, छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही वजन उतरते.

अंगावर काढण्याची किंमत

दर महिन्याला जास्त रक्त गेले, की हिमोग्लोबिन उतरते. थायरॉइडचा थकवा आणि रक्तक्षयाचा थकवा एकत्र येतात आणि बाई 'आळशी' ठरते. पुढे कंटाळून 'पिशवीच काढून टाका' अशी मागणी होते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. त्यामागे गरिबी, कामाची सक्ती अशी अनेक कारणे होती. पण त्यातला एक धडा सगळ्यांसाठी आहे. कारण न शोधता गर्भाशय काढू नये. थायरॉइड हे कारण असेल, तर गर्भाशय काढल्याने रक्तस्राव थांबेल, आजार तसाच राहील.

आकडा कसा वाचायचा?

टीएसएच वाढलेला दिसला, की 'माझा थायरॉइड वाढलाय' असे अनेक जणी म्हणतात. अर्थ नेमका उलटा आहे. मजूर सुस्तावला, की मुकादमाचा आवाज चढतो. टीएसएच हा मुकादमाचा आवाज आहे. तो चढला, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले. आकडा किंचितच वाढलेला आणि टी-4 ठीक असेल, तर बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून मगच औषधाचा निर्णय घेतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगावे. त्यांनी अहवाल चुकू शकतो.

गोळी घेण्याची रीत

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर चहासुद्धा नको. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर हवे. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. त्याआधीचा आकडा खरे चित्र दाखवत नाही. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये आणि वजन उतरवण्यासाठी शेजारणीची गोळी तर मुळीच घेऊ नये. जादा थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात.

दिवस राहण्याची इच्छा असेल, तर आधीच तपासणी करावी. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. गोळी चालू असताना दिवस राहिले, तर ती थांबवू नये. उलट डोस बहुधा वाढवावा लागतो, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटावे.

थायरॉइड ठीक निघाली तर?

पाळीची प्रत्येक तक्रार थायरॉइडची नसते. पाळी चुकली, तर सर्वांत आधी गरोदरपणाची चाचणी करावी. पीसीओएस, गर्भाशयातील गाठी, काही औषधे हीही कारणे असतात. पीसीओएसचे निदान करण्याआधीही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासणे आवश्यक असते. उपचाराने टीएसएच जागेवर आला, की बहुतेकींची पाळी काही महिन्यांत सुधारते. तसे झाले नाही, तर दुसरे कारण शोधावे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी थायरॉइडच्या अहवालाची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

तपासणीला जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा, प्रत्येक वेळी किती दिवस गेले आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या कागदावर लिहून न्याव्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला केलेली खूण यासाठी पुरेशी आहे. ती खूण आजपासून सुरू करावी.