अ‍ॅडिंग्टनची विहीर

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचं मोठं उपनगर आहे. आगगाडीने लंडनला कामाला जाणारी नोकरदार वस्ती, रांगेने बांधलेली विटांची घरं, मागे बागेचा तुकडा. आरोग्याच्या कामात हे गाव मागासलेलं नव्हतं. 1849 मध्येच तिथे स्थानिक आरोग्य मंडळ स्थापन झालं होतं. गावचं सांडपाणी शेतीला देण्यासाठी बेडिंग्टनला मोठं शेतही राखलेलं होतं. अशा गावात 1937 च्या हिवाळ्यात टायफॉइडने 43 माणसं दगावली, तीनशेच्या आसपास आजारी पडली.

कारण सापडलं ते अ‍ॅडिंग्टनच्या विहिरीत. गावाच्या एका भागाला या खोल विहिरीचं पाणी जाई. सप्टेंबरअखेर दुरुस्तीसाठी मजूर आत उतरले. त्यांच्यातला एक जण टायफॉइडचा वाहक होता. स्वतः ठणठणीत, पण पोटात जंतू. काम चालू असतानाही विहिरीचं पाणी नळांना सोडलं जात होतं, आणि नेमक्या त्या काळात ते ना गाळलं जात होतं, ना त्यात क्लोरीन पडत होतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. टायफॉइड अंगात मुरायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिले रुग्ण ऑक्टोबरअखेर दिसू लागले. तोवर किती घरांत ते पाणी पोचलं असेल, याचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो.

चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. विहिरीत माणसं उतरली आहेत आणि क्लोरीन बंद आहे, हे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने आरोग्याधिकाऱ्याला कळवलंच नव्हतं. दोघेही एकाच नगरपालिकेचे नोकर. एक चिठ्ठी गेली असती, तर कदाचित ती 43 माणसं वाचली असती. पाण्यापाशी काम करणाऱ्यांची तपासणी आणि अखंड क्लोरीन हे नियम पुढे इंग्लंडभर पक्के झाले, ते या मृत्यूंनंतर.

आरोग्याधिकारी, म्हणजे तिथला ‘मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ’, हे पद समजून घेण्यासारखं आहे. तो डॉक्टर असे, पण औषध लिहून देणं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. दुधाचे नमुने, तुंबलेली गटारं, उंदीर, नासलेलं मांस, ओल धरलेली घरं, गोवर-घटसर्पाच्या नोंदी हे सगळं त्याच्या टेबलावर येई. दरवर्षी त्याने छापील अहवाल नगरपालिकेपुढे ठेवायचा, आणि त्यात नगरपालिकेच्याच चुका लिहायच्या. हे अहवाल रुक्ष दिसतात, पण मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. कोणत्या घरात किती माणसं दाटीने राहतात, हे दुसरं कोण लिहून ठेवत होतं?

मग युद्ध आलं. 1944 मध्ये क्रॉयडनवर 140 हून अधिक उडते बॉम्ब पडले. लंडन परिसरात इतके कुठेच पडले नाहीत. घरं फुटली, गटारं आणि नळ फुटले. पण त्याच काळात ब्रिटनभर घटसर्पाची मोफत लस सुरू झाली होती. 1940 साली देशात घटसर्पाच्या 61,000 हून अधिक नोंदी होत्या आणि 3,283 मृत्यू. 1957 साली रुग्ण 38, मृत्यू 6. आईबापांना शाळेशाळेतून आणि दवाखान्यांतून समजावत फिरलेल्या परिचारिकांचं हे काम आहे, आणि त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत.

घरांची कथा मात्र संथ आहे. 1951 च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे स्वतःची न्हाणी नव्हती.

हवेचा प्रश्न 1952 च्या डिसेंबरपर्यंत कोणी फारसा मनावर घेतला नाही. 5 ते 9 डिसेंबर लंडन आणि उपनगरं कोळशाच्या धुरकटात बुडाली. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 4,000 बळी गेले. धूर फक्त कारखान्यांचा नव्हता, घराघरांतल्या शेगडीचाही होता. 1956 च्या कायद्याने नगरपालिकांना धूरबंदीचे भाग ठरवता आले. निरीक्षक दारोदार जाऊन शेगड्या मोजत, आणि बिनधुराच्या इंधनाची शेगडी बसवण्याच्या खर्चाचे दहापैकी सात हिस्से सार्वजनिक पैशातून मिळत. पेटत्या कोळशाभोवती बसणं हे तिथल्या घराचं सुख होतं. ते सोडायला लोक तयार झाले, कारण मदतही दाराशी आली होती.

1965 मध्ये क्रॉयडन बृहन्लंडनमध्ये गेलं. 1 एप्रिल 1974 रोजी इंग्लंडभर आरोग्याधिकाऱ्याचं पदच रद्द झालं. त्याचं वैद्यकीय काम राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेलं, निरीक्षक नगरपालिकेत राहिले, आणि त्याच दिवशी पाणीपुरवठा व मलनिस्सारण नव्या प्रादेशिक जल प्राधिकरणांकडे गेलं. 1937 मध्ये एकाच नगरपालिकेतल्या दोन माणसांनी एकमेकांना न सांगितल्याने 43 जीव गेले होते. 1974 पासून ती दोन कामं कायद्यानेच वेगवेगळ्या संस्थांत बसवली गेली. ही चूक होती असं माझं मत आहे.