‘ब्रेक लागत नाही’ हा संशोधनप्रश्न होऊ शकतो का?

‘पेट’ची तयारी करताना गृहीतक, चल, नियंत्रण, सप्रमाणता हे शब्द पाठ होतात. पण प्रत्यक्षात ते कुठे दिसतात, असं विचारलं की आपण गप्प बसतो. म्हणून आज हे शब्द एका जुन्या 100 सीसी मोटरसायकलच्या ब्रेकला लावून बघू.

उदाहरण तळोद्याचं घेऊ. गाव सपाटीवर आहे, पण धडगावकडे निघालात की कोठारनंतर चांदसैली घाट लागतो. गाडी जुनी, मागे एक माणूस, कधी सोबत बियाण्याची गोणी. बाजारात ब्रेक थोडा कमी लागला तर चालून जातं, घाटात चालत नाही. थोडक्यात, चुकीच्या निष्कर्षाची किंमत इथे कोणाच्या तरी हातापायावर येते.

तक्रार वेगळी, प्रश्न वेगळा

‘ब्रेक लागत नाही’ ही तक्रार झाली. तिच्या पोटात निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात:

1. लिव्हर जवळजवळ हँडलला टेकते, तेव्हा कुठे ब्रेक लागायला सुरुवात होते.
2. लिव्हर वेळेवर घट्ट होते, तरी गाडी थांबत नाही.
3. ब्रेक दाबला की पायाला एका तालात धक्के बसतात.
4. सपाटीवर सगळं ठीक, पण घाट उतरता उतरता ब्रेक कमी होत जातो.

चारही वेळा माणूस गॅरेजवर जाऊन एकच वाक्य बोलतो, “भाऊ, ब्रेक टाइट करून द्या.” नट दोन आटे फिरवला की पहिली तक्रार बहुधा मिटते. बाकीच्या तीन तशाच राहतात. तुमच्या विषयातही असंच होतं. ‘विद्यार्थ्यांची गळती’ किंवा ‘जमिनीचा कस कमी होणे’ हे विषय झाले. नेमकं काय, कधी आणि कशाच्या तुलनेत, हे ठरवलं की त्याचा प्रश्न होतो. पुस्तकात यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात.

आत काय चालतं

स्वस्त गाड्यांत बहुतेक ड्रम ब्रेक असतो. चाकाच्या हबमध्ये लोखंडी ड्रम असतो. आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू, त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं. लिव्हर दाबली की वायर ओढली जाते (मागे वायरऐवजी बहुधा रॉड असतो), बाहेरचा आर्म फिरतो, आतला कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. गाडीची गती घर्षणातून उष्णतेत बदलते. ब्रेकचं काम एवढंच.

बऱ्याच गाड्यांत आर्मसोबत एक बाण आणि ब्रेक प्लेटवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला की शू बदलायची वेळ झाली. चाक न खोलता झीज सांगणारं हे फुकटचं मोजमाप आहे, आणि तरी ते फार कमी लोक बघतात.

इथे एक जुगाड होतो. शू झिजले की आर्म काढून एक दात मागे बसवतात. लिव्हर पुन्हा छान लागते. पण लायनर होतं तेवढंच पातळ राहिलेलं असतं, कॅम मात्र गरजेपेक्षा जास्त फिरू लागतो. बाण आर्मवरच असेल तर तोही खोटं सांगायला लागतो. आकडे मनासारखे येत नाहीत म्हणून मोजपट्टी सरकवणं, ते हेच.

एकच गृहीतक धरून बसू नका

अमेरिकन भूशास्त्रज्ञ टी. सी. चेंबरलिन यांनी 1890 मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं होतं की संशोधकाने एकाच वेळी अनेक गृहीतकं हाताशी ठेवावीत. एकच असेल तर त्यावर जीव जडतो आणि विरुद्ध पुरावा दिसेनासा होतो.

दुसरी तक्रार घेऊ: लिव्हर घट्ट, पण गाडी थांबत नाही. कारणं तीन-चार संभवतात. प्रत्येकाकडून असं एक भाकीत घ्या, जे बाकीच्यांना लागू पडणार नाही.

- वायर कोरडी किंवा गंजलेली: आर्मकडचं टोक सोडवून लिव्हर ओढली तरी ती जडच लागेल, हळू परतेल. तेल घाला. तारा तुटत आल्या असतील तर वायर बदला.
- कॅम जाम: वायर मोकळी धावते, पण आर्म हाताने फिरवला तर जड जातो. खोलून साफ करायचा, ग्रीस अगदी नावाला लावायचं.
- लायनर चमकलं: चाक उतरवल्यावर लायनर काचेसारखं गुळगुळीत दिसतं. जाडी शिल्लक असेल तर पॉलिश पेपरने हलकं घासा.
- लायनरला ग्रीस लागलं: काळपट, ओलसर डाग दिसतात. पेट्रोलने पुसलं तरी आत मुरलेलं पूर्ण निघत नाही. शू बदला, ड्रम स्वच्छ करा आणि ग्रीस कुठून आलं ते आधी शोधा.

आणि हो, ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

मोजायचं कसं

‘आता बरा लागतो’ हे मत झालं. मोजायचं असेल तर रिकामा, सपाट, कोरडा रस्ता बघा. हेल्मेट घाला. खडूची रेघ मारा. ताशी 30 किमीने येऊन रेघेवर फक्त पुढचा ब्रेक एकसारखा दाबत न्या आणि थांबेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. असं पाच वेळा करा. ज्या गाडीची लिव्हर हँडलला टेकते, तिच्यावर ही चाचणी करायची नाही. आधी ती गाडी निदान थांबू दे. संशोधनातली नीतिमत्ता फॉर्मवर सही करण्यापुरती नसते.

ताशी 30 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटर. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, असं केलं की मंदन मिळतं. 12 मीटरमध्ये थांबलात तर ते सुमारे 2.9, आणि 7 मीटरमध्ये थांबलात तर सुमारे 5 मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता चुका मोजा. रेघेवर हात दाबायला 0.1 सेकंद उशीर झाला तर अंतर 0.8 मीटरने वाढतं. म्हणून दुरुस्तीनंतर अर्धा मीटर सुधारणा दिसली तर लगेच टाळ्या वाजवू नका. पाच वाचनांचा पसारा बघा. स्पीडोमीटर थोडं जास्त दाखवत असेल, तर ते आधी आणि नंतर दोन्ही वेळा तसंच दाखवेल. तुलना टिकते, पण मंदनाचा आकडा खरा राहत नाही. विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

सगळं एकदम बदललं तर?

शू, वायर, स्प्रिंग एकदम बदलून ब्रेक सुधारला, तर कशाने सुधारला? गाडीवाल्याला वाटतं, काय फरक पडतो! पडतो. मूळ कारण बेअरिंगमधून झिरपणारं ग्रीस असेल तर नवे शूही भिजणार. म्हणून एका वेळी एक बदल करा, मग मोजा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 मध्ये मांडलेली भेदाची पद्धत हीच आहे: दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी असेल, तरच परिणामाचं बोट तिच्याकडे दाखवता येतं.

पण या नियमालाही मर्यादा आहे. नवा शू चांगला असतो, पण ड्रमला आत चर पडले असतील तर तो नीट टेकतच नाही. शूचा परिणाम ड्रमच्या अवस्थेवर अवलंबून, म्हणजे दोन चलांची आंतरक्रिया. रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या पुस्तकात घटकीय आराखड्याचा आग्रह धरला, तो अशाच कारणासाठी. शिवाय नवे शू ड्रमवर बसायला थोडं धावणं लागतं. पहिल्याच दिवशी मोजून ‘शू बेकार’ ठरवणं घाईचं.

अजून एक खाच. एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस बंधनकारक झालं. एकत्रित ब्रेकच्या मोटरसायकलवर मागचा पेडल दाबला की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. अशा गाडीवर ‘फक्त मागचा ब्रेक’ मोजताच येत नाही. तुम्हाला वाटतं चल एक आहे, असतात दोन.

सपाटीचा निष्कर्ष घाटात चालतो का?

आता चौथी तक्रार. गाडी आणि दोन माणसं मिळून 240 किलो धरा. ताशी 40 किमीवरून थांबताना ब्रेकला सुमारे 15 हजार जूल पचवावे लागतात. हीच गाडी 300 मीटर उंची उतरली तर सुमारे 7 लाख जूल होतात. हवेचा आणि टायरचा वाटा सोडला, तर मधे थंड व्हायला वेळ न देता सत्तेचाळीस वेळा थांबल्यासारखं झालं! ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो, लिव्हर जास्त आत येते. लायनरचं घर्षणही घटतं. खाली येऊन गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठीक, आणि गॅरेजवाला म्हणतो, “काही प्रॉब्लेम नाही.” त्याचं निरीक्षण खरं आहे, फक्त परिस्थिती वेगळी आहे. सपाटीवरच्या चाचणीची बाह्य सप्रमाणता घाटापर्यंत पोचत नाही.

यावर उपाय पान्याने होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बरीचशी ऊर्जा इंजिन रोखून धरतं. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका. दोन्ही ब्रेक वापरा आणि लिव्हर खोल जायला लागली की थांबून ड्रम थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली तर पुढे हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलका दाबून कोरडा करा.

तिसरी तक्रार, तालात बसणारे धक्के, मुद्दाम तुमच्यासाठी ठेवली आहे. वहीत चार रकाने आखा: संभाव्य कारण, त्याचं वेगळं भाकीत, ते तपासायची रीत, आणि काय दिसलं तर मी हे गृहीतक सोडेन. सुरुवातीला एक धागा देतो: ड्रम पूर्ण गोल नसेल तर धक्क्यांचा वेग कशासोबत बदलायला हवा? चौथा रकाना भरताना हात अडखळला तर तिथेच थांबून विचार करा. तुमच्या संशोधन आराखड्यातही तोच रकाना बहुधा रिकामा असतो.