गुलालाच्या पलीकडे

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी चौकात फलक झळकतात. उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, गुलाल उधळला जातो, आणि ज्या शाळेला त्या मुलाचे नावही आठवत नसते तीही सत्काराचे निमंत्रण धाडते. या आनंदात गैर काही नाही. कोरडवाहू शेतीवर वाढलेली मुलगी उपजिल्हाधिकारी व्हावी, यासारखी समाधानाची गोष्ट विरळाच. प्रश्न आहे तो त्या दिवशी चौकाकडे न फिरकणाऱ्यांचा.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१ आणि अखेर शिफारस झाली ती १,०१६ उमेदवारांची. म्हणजे बसलेल्या सुमारे ५८३ जणांमागे एक. हे गणित कोणालाही समजते. परंतु ते आपल्या घराला लागू नाही, अशी प्रत्येक घराची श्रद्धा असते.

या श्रद्धेला आपल्याकडे परंपराही आहे. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले व १९१८ साली लंडनमध्ये आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले. अशा उदाहरणांवर मराठी मध्यमवर्ग पोसला गेला. पुढे शिक्षण खेडोपाडी पोहोचले आणि तेच स्वप्न शेतकऱ्याच्या घरी गेले. तिथे मात्र त्याचा अर्थ पालटला. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी चार हेलपाटे घातलेल्या, साहेबांच्या दाराबाहेर चपला काढून ताटकळत उभे राहिलेल्या बापाला मुलगा 'साहेब' व्हावा असे वाटते, त्यामागे निव्वळ पगाराचा लोभ शोधणे अन्यायाचे होईल. त्याला त्या टेबलाची पलीकडची बाजू हवी असते. आपल्या कचेऱ्यांनी माणसांना थोड्या आदराने वागविले असते, तर अधिकारपदाचे हे आकर्षण कदाचित इतके जीवघेणे झाले नसते.

त्या बापाच्या मानाचे ओझे खांद्यावर घेऊन मुलगा पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत येतो. कॉटपुरती जागा, मेसचा डबा, अभ्यासिकेतील एक खुर्ची. पहिली दोन वर्षे उमेदीची असतात. पुढे जाहिराती लांबतात, निकाल न्यायालयात अडकतात, आणि दिवाळीला गावी जाणे नकोसे होऊ लागते. 'यंदा काय झालं?' हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो, म्हणून तो अधिक बोचतो. मित्रांची लग्ने चुकविली जातात. एकेकाळी गोडीने वाचलेला इतिहास आता किती गुणांना येतो एवढ्यापुरता उरतो.

राज्यसेवेसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे. ही सवलत सद्भावनेने दिली गेली, हे मान्य. पण तिने थांबण्याचा निर्णय आणखी दूर ढकलला, असेही म्हणावे लागेल. अपयशाचे दुःख माणूस पचवितो. ज्या अवस्थेला यशही म्हणता येत नाही आणि अपयशही म्हणू दिले जात नाही, तिचे काय करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. (निवड झाल्यावरही हे संपतेच असे नाही, हाती आलेल्या सेवेपेक्षा मानाची सेवा मिळावी म्हणून पुन्हा परीक्षेस बसणारेही असतात.)

माझ्या परिचयाच्या एका तरुणाने सात वर्षांनंतर पुणे सोडले. आज तो गावी भाजीपाल्याची रोपवाटिका चालवितो. शेडनेटमधल्या ट्रेमध्ये मिरची-टोमॅटोची रोपे वाढवायची, भोवतालच्या शेतकऱ्यांना कोणती जात केव्हा लावावी ते सांगायचे, संध्याकाळी हिशेब लिहायचा. व्यवसाय बरा चालतो. झोप लागते, असे तो स्वतः होऊन सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या घरी ओटीवर बसलो असताना वडिलांकडे सोयरिकीच्या निमित्ताने पाहुणे आले. 'मुलगा काय करतो?' असे त्यांनी विचारले. रोपांनी भरलेला टेम्पो समोरच उभा होता आणि मुलगा त्यात ट्रे लावीत होता. त्याच्याकडे न पाहताच वडील म्हणाले, 'परीक्षा देतोय.'