ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकलस्वाराची संरक्षक साधने

ड्युअल-स्पोर्ट मोटारसायकलस्वाराची संरक्षक साधने म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर एकाच वाहनाने प्रवास करणाऱ्याने अपघातातील इजा टाळण्यासाठी किंवा कमी करण्यासाठी अंगावर घालावयाची साधने होत. त्यांत हेल्मेट, गॉगल, जॅकेट, पँट, हातमोजे, बूट आणि या कपड्यांत बसविलेली किंवा त्यांच्याखाली बांधलेली आघातरोधक कवचे यांचा समावेश होतो. शर्यतपथावरचा स्वार जाड चामड्याचा एकसंध पोशाख घालतो. मोटोक्रॉसचा खेळाडू पातळ जर्सीसोबत कडक प्लॅस्टिकची कवचे बांधतो. ड्युअल-स्पोर्ट स्वाराच्या वाट्याला एकाच दिवसात दोघांचेही धोके येतात. त्यामुळे त्याच्या साधनांची निवड ही बहुधा तडजोड असते, आणि ती तडजोड कोठे करावी व कोठे करू नये हाच या विषयाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटला भक्कम वैद्यकीय आधार मिळाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक असलेले मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून हेल्मेटचे महत्त्व सांगणारा शोधनिबंध १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले.

दोन्ही प्रकारच्या मार्गांवर चालणारी वाहने मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय झाली ती यामाहाच्या १९६८ मधील डीटी-१ पासून. बीएमडब्ल्यूच्या १९८० मधील आर ८० जी/एस या मोटारसायकलने आणि डिसेंबर १९७८ मध्ये प्रथम सुटलेल्या पॅरिस-डकार रॅलीने लांब पल्ल्याच्या साहसी प्रवासाची ओढ लावली. भारतात हिरोची इम्पल्स (२०११) काहीशी काळाच्या आधी आली. रॉयल एनफिल्डची हिमालयन (२०१६) आणि हिरोची एक्सपल्स २०० (२०१९) यांनी मात्र हा प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. वाहने आली त्या मानाने साधनांविषयीची जाण मागे राहिली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पडण्याचे दोन प्रकार

साधने निवडण्यापूर्वी शरीराला नेमके काय होते हे समजून घ्यावे लागते. डांबरी रस्त्यावर वेगात पडलेला स्वार बहुधा घसरत जातो. शरीर व रस्ता यांच्यातील घर्षणांक ०.६ मानला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने पडलेला स्वार सुमारे १० मीटर घसरतो, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने पडलेला सुमारे ४२ मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. या अंतरात साधी सुती जीन्स फाटते व त्याखालील कातडी सोलली जाते. येथे उपयोगी पडते ते न फाटणारे कापड आणि न उसवणारी शिवण.

कच्च्या वाटेवर चित्र निराळे असते. वेग कमी असतो, घसरणे थोडे असते. पण दगड, झाडाचे मूळ, खडकाची कड यांवर शरीराचा एखादाच भाग आदळतो, किंवा दीडशे-दोनशे किलोचे वाहन पायावर येते. वेग कमी म्हणजे धोका कमी, हा समज येथेच फसवा ठरतो. जमिनीपासून दीड मीटर उंचीवरचे डोके, वाहन जागच्या जागी उभे असताना आडवे झाले तरी, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळू शकते. अशा वेळी उपयोगी पडतात ती कवचे आणि कडक बूट.

चांगले कापड पहिल्या संकटासाठी आणि चांगले कवच दुसऱ्यासाठी असते. एकाच्या जोरावर दुसरे निभावत नाही.

हेल्मेट

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराला, मागे बसणाऱ्यासह, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी धारण करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. दुचाकीस्वारांचे हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकानुसार प्रमाणित असावे लागते, आणि १ जून २०२१ पासून प्रमाणपत्राविना अशी हेल्मेट विकण्यास मनाई आहे. तरीही रस्त्याकडेला नुसता आयएसआयचा छाप उमटवलेली टरफले विकली जातात. आतल्या बाजूस हलक्या दाबाने लगेच खचणारा स्पंज आहे की दाट थर्मोकोलसारखा जाड थर आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. आघाताची ऊर्जा शोषतो तो हाच थर, बाहेरचे चकचकीत कवच नव्हे.

युरोपातील ईसीई २२.०५ या मानकाची जागा ईसीई २२.०६ ने घेतली. तिरप्या आघाताने डोके गर्रकन फिरून मेंदूला होणारी इजा नव्या मानकात तपासली जाते, हा त्यातील महत्त्वाचा फरक होय. एमआयपीएस ही स्वीडनमध्ये विकसित झालेली, हेल्मेटच्या आत किंचित सरकणाऱ्या थराची पद्धत याच इजेसाठी आहे.

ड्युअल-स्पोर्ट हेल्मेटला पुढे आलेली टोपीसारखी झडप, लांब हनुवटी आणि उघडझाप करता येणारी काच असते. झडप उन्हाची तिरीप व पुढच्या वाहनाने उडवलेली खडी अडवते. परंतु महामार्गावर तीच वारा धरून मान मागे खेचते. दिवसातील बहुतेक प्रवास महामार्गावरचा असेल, तर झडप काढता येणारे हेल्मेट घेणे श्रेयस्कर. मोटोक्रॉसचे हेल्मेट व गॉगल ही जोडी धुळीत आणि हळू, दमछाक करणाऱ्या वाटेवर उत्तम, कारण तोंडाशी मोकळी हवा मिळते. मात्र ताशी ८० किलोमीटरच्या पुढे तिचा आवाज व ओढ त्रासदायक होते. अर्धे, हनुवटी उघडी ठेवणारे हेल्मेट या कामासाठी टाळावे. दगडावर तोंडघशी पडणे हा कच्च्या वाटेवरचा नित्याचा प्रकार आहे.

पोशाख आणि कवचे

युरोपीय महासंघात मोटारसायकलस्वाराचे कपडे ईएन १७०९२ या २०२० मधील मानकानुसार एएए, एए, ए, बी आणि सी अशा वर्गांत विभागले जातात. खांदा, कोपर, खुबा, गुडघा अशा सर्वाधिक धोक्याच्या भागांची घर्षणचाचणी एएए वर्गासाठी ताशी १२०, एए साठी ७० आणि ए साठी ४५ किलोमीटर वेगाशी समतुल्य असते. हे आकडे तुलनेसाठी आहेत. त्या वेगाला पोशाख टिकेलच अशी हमी त्यांत नाही. बी वर्गातील कपडे घर्षणात ए इतकेच असतात, पण त्यांत कवचे नसतात. सी वर्ग याच्या उलट: कवचे जागेवर धरून ठेवणारी जाळीची बंडी, जिच्यावर दुसरे मजबूत वस्त्र घालणे अपेक्षित असते. अशी बंडी आणि वरून टी-शर्ट असा वेश भारतीय घाटांत सर्रास दिसतो. डांबरावर घसरताना त्याचा उपयोग अत्यल्प आहे. कच्च्या वाटेवर कवचबंडी व वरून मोटोक्रॉस जर्सी, आणि डांबरावर त्यावर सैल, जाड जॅकेट, हा पर्याय अनुभवी स्वार निवडतात.

कवचांचे मानक ईएन १६२१ हे आहे. त्याच्या पहिल्या भागानुसार सांध्यांच्या कवचावर ५० जूल ऊर्जेचा आघात केला असता पलीकडे पोहोचणारे सरासरी बल स्तर १ साठी ३५ किलोन्यूटनपेक्षा आणि स्तर २ साठी २० किलोन्यूटनपेक्षा अधिक नसावे लागते. दुसरा भाग पाठीच्या कवचाचा. तेथे या मर्यादा १८ व ९ किलोन्यूटन आहेत. अनेक जॅकेटांत खांदा व कोपर यांची प्रमाणित कवचे असतात, पण पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो. विकत घेताना तो बाहेर काढून त्यावरील छाप वाचावा. छातीच्या कवचाबाबत आणखी एक गफलत होते. ईएन १४०२१ हे मानक पुढच्या वाहनाने उडवलेल्या दगडांपासूनच्या संरक्षणापुरते आहे. जमिनीवर किंवा हँडलवर छाती आपटण्याचा विचार ईएन १६२१ च्या तिसऱ्या भागात केला आहे. दोन्ही कवचे दिसायला सारखीच असतात.

आधुनिक मऊ कवचे अशा पदार्थांची असतात की ती हळू दाबली असता वाकतात आणि एकदम आदळली असता घट्ट होतात. उष्णतेत ती सैल पडतात, थंडीत कडक होतात. म्हणून मानकात ४० अंश सेल्सिअस व उणे १० अंश या तापमानांची ऐच्छिक चाचणी आहे. ती उत्तीर्ण झालेल्या कवचावर ‘टी+’ व ‘टी−’ अशी चिन्हे असतात. मे महिन्यात विदर्भ आणि जुलैत लडाख असा प्रवास करणाऱ्याने ही दोन चिन्हे आवर्जून पाहावीत.

उभे राहून वाहन चालविणे हा कच्च्या वाटेचा नियमच असल्याने पोशाखाचे माप उभे राहून आणि बसून, दोन्ही स्थितींत घ्यावे. बसल्यावर गुडघ्यावर नेमके येणारे कवच उभे राहिल्यावर नडगीवर उतरते, आणि सैल पँटमध्ये ते पडताना बाजूलाही सरकते. याकरिता पँटखाली पट्ट्यांनी बांधलेले स्वतंत्र गुडघा-नडगी कवच अधिक भरवशाचे असते.

बूट आणि हातमोजे

खर्चात काटकसर बहुधा बुटांपासून सुरू होते, आणि कच्च्या वाटेवर ती सर्वांत महाग पडते. हळू वेगात तोल गेला की स्वार स्वाभाविकपणे पाय खाली टेकतो; पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि वाहन त्यावर कलते. घोटा पिळवटतो, किंवा नडगीची दोन्ही हाडे मोडतात. सामानाच्या कडक पेट्या लावल्या असतील तर पोटरी पेटीखाली चिरडण्याचीही शक्यता असते. गिर्यारोहणाचे बूट अशा वेळी अपुरे ठरतात, कारण त्यांचा घोटा बाजूला सहज वाकतो. ईएन १३६३४ या मानकात बुटाची उंची, घर्षण, कापले जाणे आणि आडवा दाब यांची चाचणी होते.

मोटोक्रॉसचा बूट सर्वाधिक संरक्षण देतो, पण त्यात चालणे अवघड असते आणि त्यात पाणी शिरते. प्रवासी बूट आरामदायक व जलरोधक असतो, पण मऊ. या दोहोंच्या मधले, बिजागरीचा घोटा आणि नडगीवर कडक पट्टी असलेले बूट ड्युअल-स्पोर्टसाठी मिळतात. जाड बूट घेतल्यावर गिअरचा दांडा थोडा वर करून घ्यावा लागतो, अन्यथा बुटाचे टोक त्याखाली जात नाही. ही साधी गोष्ट राहून गेल्याने अनेक चांगले बूट कपाटात पडून राहतात.

पडताना माणूस हात पुढे करतो, आणि तळहाताच्या पायथ्याशी बसलेला आघात मनगटातील नौकाकृती हाडाला पोहोचतो. म्हणून हातमोज्याच्या त्या भागावर घसरणारी प्लॅस्टिकची गादी आणि मनगटाला घट्ट पट्टा हवा. बोटांच्या पेरांवरचे कवच प्रमाणित असल्यास ईएन १३५९४ नुसार ‘केपी’ असा छाप असतो.

ऊन, पाऊस आणि थंडी

गैरसोयीचे साधन घरी राहते. भारतात याचे मुख्य कारण उष्मा आहे. कच्च्या वाटेवर वेग ताशी १५-२० किलोमीटर आणि शरीराचे श्रम मोठे, त्यामुळे जाड जॅकेटमध्ये घामाने जीव कासावीस होतो. जाळीचे जॅकेट येथे सोयीचे, मात्र त्याच्या जाळीचा दर्जा व घर्षणवर्ग पाहून घ्यावा. हवेचे तापमान शरीराहून अधिक झाले की सर्व झरोके उघडे ठेवण्याने उलट त्रास वाढतो: गरम वारा अंग तापवतो आणि घाम त्याचे काम होण्यापूर्वी उडून जातो. अशा वेळी झरोके थोडे मिटून आत ओला सदरा घालणे आणि पाठीवरच्या पिशवीतून वरचेवर पाणी पिणे बरे.

सह्याद्रीतील पावसात प्रश्न निराळा. जॅकेटच्या आत सुटे जलरोधक अस्तर असल्यास बाहेरचे कापड पाणी शोषून जड होते आणि रात्रीत वाळत नाही. कापडालाच चिकटवलेला जलरोधक थर उत्तम, पण महाग. ताम्हिणी किंवा माळशेज घाटातल्या दिवसभराच्या पावसाला पोशाखावरून चढवलेला साधा दोन तुकड्यांचा रेनसूट बहुतेकांना पुरतो. तो भडक रंगाचा असावा. धुक्यात काळा स्वार दिसत नाही. पावसात ओला मुरूम व तांबडी माती बुटाच्या तळाला चिकटून तळ गुळगुळीत होतो, याचीही जाणीव ठेवावी.

लडाखमध्ये एकाच दिवसात ऊन व बर्फ भेटते. खारदुंग ला खिंडीची उंची ५,३५९ मीटर आहे (तेथील फलकावर अनेक वर्षे याहून मोठा आकडा झळकत असे). तेथे एका जाड जॅकेटपेक्षा थरांनी घातलेले कपडे उपयोगी: आत घाम टिपणारा थर, मध्ये लोकरी किंवा फ्लीसचा, बाहेर वारा अडवणारा. सुती बनियन घामाने भिजून अंग गार करते. गारठलेली बोटे ब्रेक उशिरा दाबतात, म्हणून थंडीचे हातमोजे हा सुरक्षेचाच भाग होय.

एअरबॅग

मोटोजीपी स्पर्धेत २०१८ पासून आणि डकार रॅलीत २०२१ पासून स्वारांना एअरबॅग बंधनकारक आहे. छाती, पाठ आणि काही रचनांत मान यांना ती आधार देते, डोक्याला नाही. डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष (२०१५) यांना २०२१ च्याच रॅलीत सौदी अरेबियात झालेल्या अपघातात डोक्याला गंभीर इजा झाली आणि उपचारासाठी त्यांना कृत्रिम बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले होते. वाहनाला दोरीने जोडलेली एअरबॅग स्वस्त असते, पण वारंवार उतरणाऱ्या-चढणाऱ्या स्वाराला दोरी सोडण्याचा विसर पडतो. इलेक्ट्रॉनिक एअरबॅग घेताना तिच्यात कच्च्या रस्त्यासाठी वेगळी आज्ञावली आहे का हे विचारावे. नसल्यास खड्ड्यांच्या हादऱ्यांनी ती विनाकारण फुगू शकते.

खरेदी, माप आणि निगा

मर्यादित रकमेत हेल्मेट प्रथम, बूट दुसरे, त्यानंतर हातमोजे व गुडघ्याचे कवच आणि शेवटी जॅकेट, असा क्रम कच्च्या वाटेच्या स्वाराला सुचविता येतो. प्रामुख्याने महामार्गावर फिरणाऱ्याने जॅकेट व पँट वर आणावी. कायदा केवळ हेल्मेटची सक्ती करतो, त्यामुळे पुढचा स्वार नखशिखान्त सजलेला आणि मागे बसलेली व्यक्ती चपला व ओढणीत, असे दृश्य नेहमी आढळते. पडताना दोघांचा वेग एकच असतो.

हेल्मेट गालांना दाबून बसावे आणि पट्टा बांधून मागून वर ढकलले असता निघू नये. जुने हेल्मेट विकत घेऊ नये. एका मोठ्या आघातानंतर आतला थर दबलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. वापरलेले बूट किंवा जॅकेट घेण्यास हरकत नाही, मात्र शिवणी ताणून व कवचे बाहेर काढून पाहावीत. बहुतेक उत्पादक हेल्मेट सुमारे पाच वर्षांनी बदलण्याची शिफारस करतात. घाम व धुळीने कुबट झालेले अस्तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावे; पेट्रोल किंवा थिनरने हेल्मेट पुसू नये, कारण त्याने आतला थर्मोकोलसारखा थर विरघळतो. जॅकेट धुताना कवचे काढावी लागतात. ती परत घालताना डाव्या-उजव्याची अदलाबदल होते किंवा एखादे उलटे बसते, म्हणून काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवणे सोयीचे पडते.